सैनिकाचा पट्टा आणि त्यावरचा रंग



आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी आयोजकांना विचारलं म्हणे, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने लष्करी पट्ट्यांवर काय बोलावं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर व्याख्यानाच्या मध्यावर मिळेल, तोवर थोडा धीर धरा. आधी वस्तू समजून घेऊ, मग तिचा इतिहास आणि शेवटी या सगळ्याचा बारामती-इंदापूरच्या आपल्या घरांशी काय संबंध आहे ते पाहू.

वेबिंग म्हणजे जाड विणीचा सुती पट्टा. सैनिकाच्या कमरेचा पट्टा, खांद्यावरून येणारे पट्टे, काडतुसांचे पाउच, पाण्याच्या बाटलीची जाळी, पाठीवरचा पिट्ठू, अधिकाऱ्याच्या पिस्तुलाचं कव्हर म्हणजे होल्स्टर, हे सगळं मिळून वेबिंग. तुमच्यापैकी जे साठीच्या पुढे आहेत, त्यांनी हे अंगावर घातलेलं असेल. १९६२ च्या युद्धानंतर काही वर्षं कॉलेजात एनसीसी सक्तीची होती. त्या वेळी आम्ही जो पट्टा ब्लँकोने रंगवायचो आणि ज्याची पितळी बक्कल घासायचो, तो मुळात ब्रिटिशांनी १९३७ साली ठरवलेल्या नमुन्याचा होता. म्हणून त्याला ‘३७ पॅटर्न’ म्हणतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार महत्त्वाची ठरणार आहे.

जगभर या वस्तूंचे संग्राहक आहेत. त्यातही एका उपप्रकाराला फार मागणी असते: युद्धकाळात मायावरणाच्या रंगांनी रंगवलेले पट्टे आणि होल्स्टर. इंग्रजी कॅमोफ्लाजला मराठीत ‘मायावरण’ असा एक सुंदर शब्द आहे, तोच मी वापरणार आहे.

आता रंगाचा इतिहास. युरोपातली सैन्यं शतकानुशतकं भडक रंगाचे गणवेश घालत. ब्रिटिशांचा लाल डगला तर प्रसिद्धच. त्या काळच्या बंदुकांचा पल्ला कमी, नेम बेताचा आणि दारूचा धूर इतका, की आपलाच माणूस ओळखू येणं ही मोठी गरज होती. लपणं ही गरज नव्हती. धूर न करणारी दारू आणि लांब पल्ल्याची रायफल आल्यावर हे गणित उलटलं. दिसला तो मेला, अशी स्थिती झाली.

पण मातीचा रंग अंगावर घेण्याची कल्पना त्याच्याही आधी आपल्या उपखंडात रुजली होती. १८४० च्या दशकात पेशावरकडे हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने ‘गाइड्स’ नावाची पलटण उभी केली आणि तिला धुळीच्या रंगाचे कपडे दिले. फारसीत खाक म्हणजे धूळ, माती. त्यावरून खाकी. १८५७ च्या धामधुमीत अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे उन्हाळी कपडे चहा, शाई, माती, जे हाती लागेल त्यात बुडवून मळकट करून घेतले. एकोणिसावं शतक संपेपर्यंत खाकी हा साम्राज्याचा रंग झाला. म्हणजे आपण ज्याला पोलिसांचा रंग म्हणून ओळखतो, तो मुळात लपण्याचा रंग आहे.

मायावरण हे शास्त्र म्हणून आलं पहिल्या महायुद्धात. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने चित्रकारांचं एक वेगळं पथकच नेमलं. तोफा, गाड्या, निरीक्षणाच्या जागा रंगवायचं काम त्यांचं. त्यामागचा विचार मात्र प्राण्यांकडून आलेला. अ‍ॅबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने दाखवून दिलं होतं, की अनेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट का असतं. ऊन वरून पडतं, त्याने पाठ उजळते आणि पोट सावलीत जातं. रंग नेमका उलट असेल तर दोन्ही एकमेकांना खोडतात आणि प्राण्याचं शरीर सपाट भासतं, पार्श्वभूमीत विरून जातं. पुढे ह्यू कॉट या प्राणिशास्त्रज्ञाने १९४० साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. दुसऱ्या महायुद्धात तो स्वतः सैनिकांना मायावरण शिकवत होता.

याचा पुरावा बघायला तुम्हाला ग्रंथालयात जायला नको. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात जा, नाहीतर इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर जा. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असताना चिंकारा उभा असतो. वाटाड्या बोट दाखवतो, ‘तो बघा’, आणि आपल्याला काही दिसत नाही. तो कान हलवतो तेव्हा एकदम अख्खं हरीण दिसतं. टिटवीची अंडी मुरमाच्या खड्यांत उघड्यावर पडलेली असतात आणि पाय पडेपर्यंत कळत नाहीत. तोच मुरमाचा रंग इंग्रजांनी कापडाला दिला.

आता पट्ट्यांकडे येऊ. आधी सगळं चामड्याचं होतं. चामडं पावसात भिजलं की जड होतं, वाळलं की तडकतं, उष्ण प्रदेशात त्याला बुरशी लागते. अमेरिकेत अँसन मिल्स या अधिकाऱ्याने काडतुसांसाठी विणलेला सुती पट्टा काढला होता. बोअर युद्धात चामड्याच्या सामानाचे दोष उघडे पडल्यावर ब्रिटिशांनी मिल्सच्या कंपनीकडून संपूर्ण विणलेला संच घेतला. तो १९०८ चा नमुना. पहिल्या महायुद्धात मागणी एवढी वाढली, की विणकामाला वेग पुरेना. मग १९१४ साली पुन्हा चामड्याचा पर्यायी संच काढावा लागला.

१९३७ चा नमुना आला तो बदललेल्या युद्धासाठी. पाउच मोठे झाले, कारण त्यात आता ब्रेन मशिनगनची मॅगझिनं मावायला हवी होती. आणि लगेच दोन वर्षांत युद्ध पेटलं. १९३९ मध्ये हिंदी सैन्य सुमारे २ लाखांचं होतं. १९४५ पर्यंत ते सुमारे २५ लाखांवर गेलं. इतक्या माणसांच्या कमरेला पट्टा विलायतेहून येणार कसा? तो हिंदुस्थानातच तयार होऊ लागला. या देशी पट्ट्यांची वीण बरेचदा जाडीभरडी असते, शिवणी जास्त असतात. विलायती कारखान्यात जे अखंड विणलं जाई, ते इथे तुकडे जोडून शिवलं जाई. संग्राहक त्याला कनिष्ठ समजतात. मला तसं वाटत नाही. घाईत, मिळेल त्या सुतात, मिळेल त्या हातांनी केलेलं ते काम आहे. इतिहासाच्या दृष्टीने तेच जास्त बोलकं.

वस्तू कुठली, हे शिक्क्यावरून कळतं. सरकारी मालमत्तेची ब्रिटिश खूण म्हणजे रुंद टोकाचा बाण. कॅनडाच्या मालावर इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आत हा बाण असतो, हिंदुस्थानच्या मालावर बाणाखाली ‘आय’ हे अक्षर. सोबत बनवणाऱ्याची आद्याक्षरं आणि साल. क्वचित आतल्या बाजूला शाईने हाताने लिहिलेला सैनिकाचा नंबर असतो. मंडळी, सगळ्या पट्ट्यावर ही एकच जागा अशी, जिथे माणूस भेटतो.

आता या पट्ट्यांना वेगवेगळे रंग का लागले? कारण आपली माणसं वेगवेगळ्या भूमीवर लढली. फक्त मराठा लाइट इन्फंट्री घ्या. १९४१ मध्ये त्यांच्या पलटणी पूर्व आफ्रिकेत केरेनच्या उघड्या खडकाळ डोंगरांवर होत्या. १९४४ च्या मार्चमध्ये चौथी पलटण मणिपूरच्या हिरव्या डोंगरांत सांगशाकला जपान्यांशी झुंजत होती. त्याच वर्षी १० जुलैला नाईक यशवंत घाडगे इटलीत तायबर नदीच्या खोऱ्यात पडले. ९ एप्रिल १९४५ ला शिपाई नामदेव जाधव यांनी इटलीतच सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणातल्या माणगावचे घाडगे आणि नगर जिल्ह्यातले जाधव. खडक, जंगल, नदीकाठचा चिखल. एकच खाकी सगळीकडे कशी चालेल? म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर कपडे गडद हिरव्या रंगात बुडवले गेले आणि पट्ट्यांवर हिरवा ब्लँको चढला. पितळ घासून चकचकीत ठेवायची सवय आघाडीवर सोडून द्यावी लागली, कारण चमक दिसली की गोळी येते.

होल्स्टर खास महत्त्वाचं. पिस्तूल कोण लावतं? अधिकारी. म्हणजे कमरेला होल्स्टर दिसलं की शत्रूच्या नेमबाजाला कळतं, आधी कोणाला टिपायचं. ते झाकणं, मळवणं, रंगवणं यात जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

सगळ्यात विलक्षण उदाहरण माल्टा बेटाचं. १९४० ते ४२ या काळात त्या चिमुकल्या बेटावर इटली आणि जर्मनीने बॉम्बचा वर्षाव केला. बेटावर झाडी नावाला, सगळीकडे शेतांच्या दगडी, कोरड्या रचलेल्या बांधाच्या भिंती. आपल्या माळावर दगडांची ताल असते तशा. तिथल्या सैन्याने काय केलं? फिकट दगडी रंगावर गडद रेषांची वेडीवाकडी जाळी काढली, की लांबून दगड रचल्यासारखं दिसावं. ट्रक तसे रंगवले, लोखंडी टोप तसे रंगवले, पट्ट्यांनाही तोच हात लागला. मोर्चे तर शेतातल्या दगडी खोल्यांसारखे सजवले.

असे पट्टे आज दुर्मीळ आहेत, त्याची कारणं साधी आहेत. हे काम वरून आलेल्या एकसारख्या नमुन्याने झालेलं नव्हतं. जिथे जो रंग हाताशी असेल, तो फासला जाई. दुसरं, कापडावर तेलरंग टिकत नाही. पट्टा वाकला की रंगाला भेगा पडतात आणि पापुद्रे निघतात. तिसरं, युद्ध संपल्यावर बराकीची शिस्त परत आली, तेव्हा रंग खरवडून पुन्हा ब्लँको लावला गेला. उरलेला माल डिस्पोजलमध्ये विकला गेला. पुण्याच्या जुन्या बाजारात कित्येक वर्षं लष्करी माल असा येत राहिला आणि गावोगाव पोचला. शेतकऱ्याने पाउचमध्ये हत्यारं ठेवली, पट्ट्याने ओझं बांधलं. वस्तू वापरून संपली. यात काही वाईट नाही. वस्तू वापरायलाच असते.

आता दुर्मीळ झालं की भाव येतो आणि भाव आला की नक्कल येते. इथे तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं काम सुरू होतं. [हशा] साधा ३७ पॅटर्नचा पट्टा आजही मिळतो, कारण आपल्या सैन्याने आणि एनसीसीने स्वातंत्र्यानंतरही तो अनेक वर्षं वापरला आणि बनवला. असा एखादा नंतरचा पट्टा घ्यायचा, त्यावर हिरवा-तपकिरी रंग फासायचा, उन्हात टाकायचा, दगडावर घासायचा. झाला ‘ब्रह्मदेश आघाडीवरचा’ पट्टा. मूळ वस्तू खरी, शिक्का खरा, फक्त रंगाची गोष्ट खोटी.

आपल्या दर्शनांत भ्रमाची मोठी चर्चा आहे. शिंपल्यावर रुपं दिसतं ते कसं? प्रभाकर मीमांसक म्हणतात, भ्रम म्हणजे चुकीचं काही दिसणं नाही. दोन गोष्टींतला भेद ध्यानात न येणं, एवढंच. याला अख्याती म्हणतात. नैयायिक म्हणतात, तसं नाही. दुसरीकडे पाहिलेल्या खऱ्या रुप्याचे गुण आपण समोरच्या शिंपल्यावर लादतो. ही अन्यथाख्याती. शेकडो वर्षं हा वाद चालला. मला वाटतं, हा रंगवलेला पट्टा हातात घेतला तर दोघांनाही आपापली जागा मिळते. माळावरचा चिंकारा किंवा माल्टातला सैनिक दिसत नाही, ती अख्याती. त्याचा रंगही दिसतो, जमिनीचा रंगही दिसतो, दोन्हींतला भेद तेवढा निसटतो. नकली पट्टा खरा वाटतो, ती अन्यथाख्याती. संग्राहकाने खरा पट्टा कुठे तरी चित्रात, संग्रहालयात पाहिलेला असतो, त्याची आठवण तो समोरच्या वस्तूवर चढवतो. पहिल्या भ्रमाने कुणाचा तरी जीव वाचला. दुसऱ्याने कुणाचा तरी खिसा भरला, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे इतिहासात एक खोटा साक्षीदार उभा राहिला.

मग ओळखायचं कसं? प्रमाणं तीच जुनी: प्रत्यक्ष, अनुमान, शब्द.

प्रत्यक्ष म्हणजे नीट पाहणं. रंग बक्कलच्या खाली, पट्टा जिथे घासतो तिथे झिजलेला आहे का? झीज वापराच्या जागी हवी. कडांना सगळीकडे सारखी झीज असेल तर ती दगडाने केलेली आहे. झाकणाच्या आत, घडीत, जिथे ऊन पोचत नाही तिथला मूळ रंग कसा आहे? भेगांच्या आत जुना मळ आहे, की भेग स्वच्छ आहे? भेगेत ताजं सूत पांढरं दिसलं तर शंका घ्या.

अनुमानात व्याप्ती पक्की लागते. ‘जुना दिसतो, म्हणून जुना आहे’ हे अनुमान सव्यभिचारी आहे, कारण नवी वस्तूही जुनी दिसू शकते. उलट ‘शिक्क्यात १९५८ साल आहे, म्हणून हा दुसऱ्या महायुद्धातला नाही’ हे पक्कं. आणखी एक उपयोगी अनुमान. कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून वापरली जाणारी रसायनं प्रामुख्याने युद्धानंतर प्रचारात आली. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ती निळसर चमकतात. शिवणीचा दोरा असा चमकला तर तो दोरा युद्धकाळातला असण्याची शक्यता कमी. पण न चमकणं हा जुनेपणाचा पुरावा होत नाही, आणि पट्टा नंतर घरच्या साबणाने धुतला असेल तरी तो चमकू शकतो. पुरावा एका बाजूने चालतो, दुसऱ्या बाजूने नाही, हे विद्यार्थ्यांना शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

तिसरं प्रमाण शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाची साक्ष. आणि इथेच आपल्या घरांचा संबंध येतो. वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्यांनी फार तर एवढं कळेल, की पट्टा १९४३ चा आहे आणि रंग जुना आहे. तो कुणाच्या कमरेला होता, तो माणूस कुठून गेला, कुठे लढला, परत आला का, हे कुठलाही दिवा सांगणार नाही. ते घरातली माणसं सांगतात, किंवा कुणीच सांगत नाही. त्या युद्धात विशी गाठलेला तरुण आज हयात असेल तर शंभरीच्या पुढे आहे. त्याची मुलंही आता वृद्ध झाली. आणखी दहा वर्षांनी ‘आमच्या आजोबांचं काहीतरी मिलिटरीचं होतं’ एवढंच वाक्य शिल्लक राहील.

म्हणून माझी विनंती आहे. घरात ट्रंकेत असं काही असेल, तर ते धुऊ नका. धुतल्याने शाईचा नंबर जातो आणि रंगही जातो. ब्लँको लावू नका, तेल लावू नका. पितळेला हिरवा गंज आला असेल तर कोरड्या फडक्याने हलकेच पुसा आणि पितळ व कापड यांच्या मध्ये मलमलीचा तुकडा ठेवा. दमट जागा टाळा. पट्टा दुमडू नका, सैल गुंडाळा. आणि एका वहीत लिहून ठेवा: नाव, गाव, पलटण, नंबर, कोणाकडून ऐकलं ती व्यक्ती आणि तारीख. सेवापुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद असेल तर त्याचा फोटो काढा. पहिल्या महायुद्धाचं पदक असेल तर त्याच्या कडेवर बारीक अक्षरं बघा, तिथे सैनिकाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. विकायचं असेल तर जरूर विका, तो तुमचा हक्क. पण आधी लिहा. विकलेल्या पट्ट्याबरोबर गोष्ट जात नाही, आणि गेली तर ती वाढवून सांगितली जाते.

एवढं बोलून थांबतो. वेळ आहे, तर प्रश्न घेऊ.

प्रश्न: असं जुनं सामान घरात ठेवणं कायद्याने चालतं का?

पट्टा, पाउच, रिकामं होल्स्टर ही शस्त्रं नाहीत. मात्र सोबत पिस्तूल, काडतुसं किंवा स्फोटक असं काही निघालं तर हात न लावता पोलिसांना कळवा. त्याला शस्त्र कायदा लागू होतो, आजोबांचं आहे म्हणून सूट नाही. दुसरा कायदा १९७२ चा पुरावस्तूंचा. त्यात साधारणपणे शंभर वर्षांची अट आहे. म्हणजे १९०८ च्या नमुन्याचा पहिल्या महायुद्धातला पट्टा आज त्या वयाचा झालाय. अशा वस्तू परदेशी पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी. दुसऱ्या महायुद्धातल्या वस्तूंना अजून हे संरक्षण नाही, म्हणून त्या सहज बाहेर जातात.

प्रश्न: सर, हे सैन्य इंग्रजांचं होतं. त्याच काळात इथे बेचाळीसची चळवळ चालू होती. मग हे पट्टे जपून आपण नेमका कशाचा गौरव करतोय?

चांगला प्रश्न आहे, आणि टोचणाराही आहे. जपणं आणि गौरव करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साक्षीदाराला आपण जिवंत ठेवतो ते त्याचं म्हणणं ऐकायला, त्याला हार घालायला नाही.

पण थोडं पुढे जाऊ. तो पट्टा बांधणाऱ्याच्या मनात काय होतं, याचं एकच उत्तर नाही. आपला भाग दुष्काळी. नीरेचा कालवा एकोणिसाव्या शतकात आला तरी सगळ्यांच्या शेताला पाणी नव्हतं. पगार हे मोठं कारण होतं. आणि काही समाजांसाठी पट्टा हा पगाराहून मोठा होता. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुन्हा १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ज्याला गावच्या पाणवठ्यावर पाणी घेता येत नव्हतं, त्याच्या कमरेला इतरांसारखाच पट्टा आला. तो पट्टा साम्राज्याचा होता, हे खरं. त्याने ताठ उभं राहता आलं, हेही खरं. यातलं एक सत्य दुसऱ्याने खोडलं जात नाही.

आपल्या राष्ट्रीय इतिहासाच्या चित्रात हा सैनिक नीट दिसत नाही. इंग्रजांच्या इतिहासात तो नेटिव्ह म्हणून मागे राहतो, आपल्या इतिहासात इंग्रजांचा नोकर म्हणून. दोन्हीकडे तो पार्श्वभूमीत मिसळून गेला आहे. हे मायावरण त्याने स्वतःहून चढवलेलं नाही. ते उतरवायचं काम सरकार किंवा संग्राहक करतील तेव्हा करतील. नाव, गाव आणि पलटण वहीत लिहायला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही.